गेटवरच्या चहाने मोजलेली कंपनी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना माझ्या यशाची गोष्ट हवी होती. मी म्हटलं, साहेब, शेअर बाजारात यश मिळालेला माणूस मिरजगावात खताच्या दुकानाच्या माडीवर जन्म घालवेल का? तर म्हणाले, मग जे झालं ते लिहा. आता लिहितोय ते हे असं.

मोठ्या शहरातल्या एका ब्रोकरची शाखा मी चालवायचो. शाखा म्हणजे मी, एक कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर आणि भिंतीवर बैलाचं चित्र. बाजार वर जातो तेव्हा त्याला बैल म्हणतात असं एकदा मी कुणालातरी सांगितलं, तेव्हापासून लोक चित्रातल्या बैलाची खोंड म्हणून पारख करायचे. शिंगं बरी आहेत, पण खांदा हलका वाटतो, असं त्याच्याबद्दल गावाचं मत होतं. जिन्यात फवारणीच्या औषधांचा वास भरलेला असायचा. माझं नाव दिगंबर. लोकांचे पैसे सांभाळणाऱ्याचं नाव दिगंबर असू नये, हे गावातल्या प्रत्येकाने मला एकदा तरी सांगितलेलं आहे. पुढे मोबाईलवरच शेअर घेता यायला लागले आणि गेल्या वर्षी मी शटर ओढलं.

धंदा काय होता ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. कंपनीचा वर्षाचा नफा तिच्या सगळ्या शेअरांत वाटला आणि एका शेअरच्या वाट्याला समजा दहा रुपये आले. त्या शेअरचा भाव आहे दोनशे. म्हणजे दहा रुपये कमावणारी वस्तू तुम्ही वीसपट पैसे देऊन घेताय. या वीसला आमच्यात पीई म्हणतात. आता वीसपट जास्त की कमी? ते ठरतं नफा किती वेगाने वाढतोय त्यावर. दरसाल शेकडा वीसने वाढत असेल तर वीसपट रास्त. शेकडा पाचने वाढत असेल तर तुम्ही गंडलात. म्हणून पीईला वाढीच्या आकड्याने भागायचं. उत्तर एकच्या आसपास आलं तर ठीक, एकच्या खाली आलं तर स्वस्त, दोनच्या वर गेलं तर पाकीट खिशात ठेवून घरी जायचं. दुभत्या गायीचा भाव आजच्या दुधावर ठरतो आणि कालवडीचा उद्याच्या. गाय बघणारे पुष्कळ आहेत, कालवड बघता येणारा विरळा.

आणि गोम इथंच आहे. भाव पेपरात छापून येतो. नफा कंपनी जाहीर करते. पण वाढ कुठेच छापलेली नसते, कारण ती अजून व्हायचीय. तिथे जागा रिकामी असते आणि माणूस त्या जागेत आपल्या मनातलं भरतो. माझी सगळी नोकरी ती रिकामी जागा राखण्यात गेली.

पहिली काही वर्षं तर पीई समजावण्यातच गेली. आमच्याकडचे एक लिंबाच्या बागेचे मालक सगळ्यात मोठा पीई असलेल्या कंपन्या निवडून आणायचे. त्यांना तो मार्कांसारखा वाटायचा. नव्वद पडलेत म्हणजे पोरगं हुशार. दुसरे एक होते, त्यांनी नेमकी तोट्यातली कंपनी शोधली. तोट्यात पीई निघतच नाही, त्या जागी नुसती आडवी रेघ असते. ते म्हणाले, ह्याला पीईच न्हाई, म्हंजी फुकटच हाय की. मी त्यांना दोन कप चहा पाजला आणि घरी पाठवलं. त्यांनी शेअर दुसरीकडून घेतला.

तिसऱ्याची गोष्ट मात्र कामाची आहे. तो कांद्याचा व्यापारी होता. त्याने आणलेल्या कंपनीचा नफा एका वर्षात तिप्पट झाला होता, आणि भागाकार एकच्या कितीतरी खाली. मी कंपनीचा अहवाल वाचून बघितला तर तिने त्या साली जमीन विकली होती. मी त्याला विचारलं, तुझ्या चुलत्यानं बायपासला जमीन दिली, त्या वर्षी त्याची कमाई किती वाढली? म्हणाला, लई. मी म्हटलं, आणि दुसऱ्या वर्षी? तो बराच वेळ बैलाच्या चित्राकडे बघत बसला. मग म्हणाला, चुलता आता आमच्यातच जेवतो. त्याने शेअर घेतला नाही. एवढ्या वर्षांत माझ्या सांगण्याने वाचलेला तो बहुधा एकटाच.

आता नागापूरवालीकडे येतो. नगरच्या एमआयडीसीत, नागापूरला, एक कंपनी होती. नाव सांगत नाही, तिचा काही दोष नव्हता. गाड्यांचे सुटे भाग बनवायची आणि गपगुमान आपलं काम करायची. एका साली तिचा नफा बरा वाढला, मोबाईलवरच्या ग्रुपांत बोभाटा झाला आणि भाव चढून पीई साठवर गेला. मी सांगत होतो की साठ पीई पचवायला नफा दरसाल शेकडा साठने वाढायला पाहिजे, आणि सुटे भाग काही कांद्याचं रोप नाही. लोक मान डोलावत होते. मग नामदेव तात्या जिना चढून आला.

तात्याचं गावात दूध संकलन केंद्र आहे. जगातली कुठलीही गोष्ट त्याला लिटरमध्ये सांगितली की लगेच कळते. त्याचा मेव्हणा गणपत त्याच कंपनीच्या गेटसमोर चहाची टपरी चालवायचा. तात्याने मला बसवून सांगितलं की गणपतकडे गेल्या दिवाळीला दुधाचा एक कॅन लागायचा, आता दोन लागतात. चहा वाढला म्हणजे कामगार वाढले. कामगार वाढले म्हणजे माल वाढला. माल वाढला म्हणजे नफा वाढला. एकाचे दोन, म्हणजे शंभर टक्के वाढ. साठ भागिले शंभर, पॉइंट सहा. एकच्या खाली.

खरं सांगू का, मला कौतुक वाटलं. मुंबईची सुटाबुटातली मंडळीही असंच काहीबाही मोजतात, गेटमधून ट्रक किती सुटले ते बघतात. मी एवढंच म्हटलं की तात्या, भागायचं असतं ते नफ्याच्या वाढीने, दुधाच्या नाही.

"भाऊ, नफा काय, कागदावर लिवत्यात," तात्या म्हणाला. "दूध खोटं बोलत न्हाई."

दूधवाल्याच्या तोंडून हे वाक्य ऐकताना मला खाली बघावं लागलं.

तात्याने शेअर घेतले, आणि गावाने तात्याचं बघून घेतले. पण आमचा माणूस नुसत्या ऐकीव माहितीवर राहत नाही. सोयरीक करायची तर घर बघून येतो. कुणी कोर्टाच्या तारखेला नगरला गेला, कुणी दवाखान्यात, कुणी लग्नाचा बस्ता बांधायला, की येताना वाकडी वाट करून नागापूरला जायचा आणि टपरीवर बसून चहा किती खपतो ते बघायचा. बसायचं तर चहा घ्यावा लागतो. तासभर बसायचं तर दोन घ्यावे लागतात. परत येऊन तो सांगायचा, गर्दी लई हाय. ते ऐकून दुसरे दोघं जायचे. कर्जतची मंडळी जायला लागली, मग जामखेडची जीप भरून आली. गणपतने भजी सुरू केली. तिसरा कॅन लागला.

तात्या पुन्हा हिशेब घेऊन आला. तोपर्यंत भाव चढून पीई नव्वद झाला होता. पण एकाचे तीन कॅन म्हणजे दोनशे टक्के वाढ, आणि नव्वद भागिले दोनशे म्हणजे पॉइंट पंचेचाळीस. भाव जितका चढत होता तितका तात्याचा शेअर स्वस्त होत चालला होता. मी डोक्याला हात लावला. पण चूक नेमकी कुठे आहे ते मला तेव्हा सांगता येईना, आणि चूक दाखवता न येणाऱ्या माणसाला गाव भित्रा म्हणतं. मला तसं म्हणायला लागले.

या सगळ्यात गायकवाड बाई आल्या नसत्या तर मीही हसून सोडून दिलं असतं.

गायकवाड बाई म्हणजे आमच्या गावच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. पन्नाशीच्या आतलं निम्मं मिरजगाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, तात्यासकट. दोन्ही गुडघे पार झिजलेले. माझा जिना त्यांना चढवत नसे, म्हणून त्या खाली दुकानात यायच्या, खताच्या गोण्यांवर बसायच्या, आणि मी खाली उतरायचो. बाई ख्रिस्ती. गावातल्या चर्चचं जोतं उंच, पायऱ्या चढून जावं लागतं, त्यामुळे दर रविवारी बाई बाहेर लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसून खिडकीतून उपासना ऐकायच्या. चाळीस वर्षं त्या आत पहिल्या बाकावर बसून गाणी म्हणत आल्या होत्या. बाहेरून म्हटलेलं गाणं आतल्यांच्या एक ओळ मागे पडतं, हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं.

डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते. बाईंनी बाजूला ठेवलेल्या पैशांत एकच होत होता. डॉक्टर म्हणत होते, एक तरी आत्ता करा, आणखी थांबलात तर पायातली ताकद जाईल, मग नवा गुडघा घालूनही उपयोग नाही. आणि तात्या म्हणत होता, नाताळापर्यंत पैसे दुप्पट. दुप्पट झाले की दोन्ही गुडघे एकदम.

मी म्हटलं, बाई, एक करून घ्या.

"एकाचं काय करू? लंगडी खेळू?" बाई म्हणाल्या.

मी त्यांना भागाकार समजावून सांगितला. गणित शिकवलेलं असल्याने त्यांना एका दमात कळलं. पीई आणि नफा छापलेला असतो, वाढीचा आकडा आपण घालायचा असतो, हे ऐकल्यावर त्यांनी विचारलं की मग तो आकडा मिळतो कुठे. मी चिडून म्हटलं, तात्याला विचारा, तो म्हणतो नागापूरच्या गेटवर मिळतो. बाईंनी काठी उचलली आणि म्हणाल्या, मग चला, बघून येऊ. मला बोलायची खोड नडली.

दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या गाडीतून आम्ही निघालो. बाई पुढे, पाय लांब करून. तात्या मागे. सगळा रस्ता तो बाईंना कॅनचा हिशेब सांगत होता आणि बाई अधूनमधून मान हलवत होत्या. मला धडकी भरली होती. त्यांनी मला त्या मानेनेच होकार दिला असता तर संध्याकाळी माझ्याच हाताने मला त्यांच्या गुडघ्यांचे शेअर घ्यावे लागणार होते.

नगर ओलांडून नागापूरला पोचलो आणि मी हबकलोच. टपरी कसली, पत्र्याची लांबलचक शेड झाली होती. बाकडी भरलेली, बाकड्यांच्या मागे माणसं उभी, भज्यांची कढई धडधडतेय. सकाळचे अकरा वाजले असतील. तात्या मागून म्हणाला, बघा, ही वाढ. मला क्षणभर वाटलं, आपलंच डोकं फिरलंय, तात्या बरोबर आहे.

बाई गाडीतच बसून काचेतून बघत होत्या. डोळे बारीक करून म्हणाल्या, तो निळ्या शर्टातला जालिंदर आहे का? मी बघितलं. जालिंदरचं मिरजगावात हार्डवेअरचं दुकान आहे. आणि त्याच्या शेजारचा? तो आमच्या पिठाच्या गिरणीवाला. कोपऱ्यात भजी खात होता तो कांद्याचा व्यापारी, मी वाचवलेला, चुलतावाला.

बाई उतरल्या. मी हात धरला होता, तो त्यांनी सोडवला. काठी टेकत त्या शेडच्या तोंडाशी गेल्या आणि बाकड्यांवरून माणसं धडाधड उठून उभी राहिली. दोघातिघांनी चहाचे ग्लास पाठीमागे लपवले, सिगारेट ओढताना सापडल्यासारखे. बाईंनी सगळ्यांना बसायला सांगितलं.

"या कंपनीत कामाला कोण आहे? हात वर करा," बाई म्हणाल्या.

एकही हात वर गेला नाही. 

"बरं. या कंपनीचे शेअर कुणाकुणाकडे आहेत?"

एकेक करत सगळे हात वर गेले. मिरजगावचे गेले, कर्जतचे गेले. जामखेडच्या लोकांना बाईंनी कधी शिकवलेलं नव्हतं, तरी त्यांनीही वर केले, बाईंचा आवाजच तसा आहे. कुणाच्या हातात ग्लास, कुणाच्या हातात भजं. मी मागे वळलो तर तात्याचा हात वर. आणि समोर, स्टोव्हच्या मागे, गणपतने चहाची गाळणी धरलेला हात वर केला होता. रोज दूध वाढतंय बघून त्यालाही राहवलं नव्हतं. स्वतःची टपरी गहाण टाकून त्याने शेअर घेतले होते.

तेवढ्यात कंपनीचा भोंगा वाजला. गेट उघडलं, दहा-पंधरा कामगार बाहेर आले, भरलेल्या बाकड्यांकडे एक नजर टाकली आणि परत आत गेले. त्यातल्या एका वयस्क माणसाला मी गाठलं. तो म्हणाला की आत कँटीन आहे, तरी पूर्वी पाय मोकळे करायला बाहेर यायचो. "आता हितं येतच न्हाई आमी. बसायला जागा कुठं हाय? ही कोन मानसं हायेत वो, रोज येत्यात?"

मी म्हटलं, मालक आहेत तुमचे. खोटं नव्हतं ते.

म्हणजे कंपनी होती तिथंच होती. वाढ झाली होती ती आमचीच. आम्ही आमचाच चहा पीत होतो, तो मोजत होतो, आणि मोजून आलेल्या आकड्याने भागून खूश होत होतो. मला वाटलं आता हे लोक उठतील, कपाळ बडवतील, शेअर विका म्हणून माझ्या मागे लागतील. कसलं काय. विषय गंभीर आहे म्हणून सगळे परत खाली बसले आणि चर्चेसाठी चहा मागवला.  मग तात्याचा चेहरा उजळला. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं की कंपनीचं राहू द्या, गणपतच्या टपरीचे शेअर काढता येतील का? वाढ तर हितं खरी हाय.

मी मनातल्या मनात भागून पाहिलं. सांगायला लाज वाटते, पण टपरी खरोखर स्वस्त होती. फक्त तिची वाढ कंपनीचा शेअर तेजीत असेपर्यंतच होती. हे मी तात्याला समजावत राहिलो तोवर बाई गाडीत जाऊन बसल्या होत्या.

परतताना नगर शहर आलं. बाई म्हणाल्या, गाडी दवाखान्याकडे घ्या. आणि विचारलं, "उजवा जास्त दुखतो. पण डावा कमी झिजलाय, त्याचं केलं तर तो लवकर चालायला लागेल म्हणतात. तुमच्या भागाकाराने कोणता घ्यावा?"

बावीस वर्षांत मला कुणी इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, बाई, जो दुखतो तो. पुढे वाढेल तेव्हा वाढेल, दुखणं आजचं आहे. डॉक्टरांनीही उजवाच करायचा म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पुढचं थोडक्यात. कंपनीचा निकाल आला, नफा जवळपास आदल्या वर्षीइतकाच. भाव निम्म्याच्या खाली आला. मंडळी नागापूरला जायची बंद झाली आणि गणपतचं दूध पुन्हा एका कॅनवर आलं. तात्याने तेव्हाही भागाकार केला, उणे आला, तो त्याला वाचता येईना. बिचाऱ्या गणपतचे शेअर आणि गिऱ्हाईक एकाच आठवड्यात गेले. शेड मोडून त्याने पत्रे विकले आणि टपरी कशीबशी सोडवली. कामगार मात्र परत यायला लागले आहेत म्हणतात. त्या दिवशी भर शेडमध्ये ओरडून सगळ्यांना विकायला लावायला पाहिजे होतं, निदान गणपतला तरी. मी तात्याशी टपरीच्या शेअरवर वाद घालत बसलो, ही चुटपुट अजून जात नाही.

नाताळाला बाईंनी आम्हाला फराळाला बोलावलं होतं, मला आणि तात्याला. उपासना सुटायच्या वेळेला चर्चपाशी या, म्हणाल्या होत्या. आम्ही जरा लवकरच पोचलो. लिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची नव्हती. आतून गाणं ऐकू येत होतं, आणि एक आवाज इतरांच्या अर्धी ओळ पुढे होता. तात्या म्हणाला, बाई हायेत. मी चपलेतला खडा काढत बसलो.

गाणं संपलं, लोक बाहेर आले आणि बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पायऱ्या उतरल्या, नव्या पायावर जपून, बाकीचे थांबले होते. खाली आल्यावर त्यांना आठवलं की करंज्यांचा डबा आतच राहिला. कुणीतरी आणतो म्हणालं. बाई नको म्हणाल्या, वळल्या आणि पुन्हा चढायला लागल्या. नवा गुडघा आधी, जुना मागून, कठड्याला नुसती बोटं लावून.

तात्या माझ्या कानाशी लागला. "भाऊ, एका गुडघ्यात बाई येवढ्या चढल्या. दुसरा घातला तर किती वाढल?"

मी त्याला गप म्हणायच्या आत बाई वरच्या पायरीवर पोचल्या होत्या. शिक्षकांचे कान. त्या मागे वळल्या.

"नामदेव, खाली उभा राहून मोजू नकोस. वर ये," बाई म्हणाल्या. "तुम्ही पण या, दिगूभाऊ."

आम्ही दोघंही मुकाट्याने चढायला लागलो. तिसऱ्या पायरीवर माझा डावा गुडघा कटकन वाजला, आणि तात्याने लगेच माझ्या गुडघ्याकडे बघितलं.